शिरस्त्राणाची मागची गाठ

पुण्याहून बीडच्या एसटीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर एक पितळी शिरस्त्राण होतं. खरं तर ते खोक्यात होतं, पण खोकं स्टँडवरच फाटलं. नाकावरची पट्टी आणि वरचा काळा तुरा असा बाहेर डोकावत होता की शेजारच्या बाईंनी आपली पिशवी हळूच दुसऱ्या बाजूला घेतली.

"हे काय हाय, बाई? समई?" कंडक्टरनं विचारलं.

"डोक्यात घालायचं आहे. जुन्या काळच्या ग्रीक योद्ध्यांचं."

त्यानं मशिनमधून माझं तिकीट काढलं. बायकांना अर्धं. "तुमचं अर्धं, त्याचं अर्धं. मंग एक पुरं करू का?" असं तो म्हणाला आणि पुढची चार बाकडी हसली. मीही हसले. साठी उलटलेली बाई लढाईचा टोप घेऊन बीड जिल्ह्यात निघाली, तर लोकांनी काय करावं?

त्याचं असं झालं. निवृत्तीनंतर मी ग्रीक शिकायला घेतलं, अडखळत, कोशाची पानं फाटेपर्यंत. त्या भाषेतल्या एका प्राचीन युद्धकाव्याचा मराठी अनुवाद गेली काही वर्षं करते आहे. त्यात मला सगळ्यात काय आवडतं विचाराल, तर योद्धे सज्ज होतात ती वर्णनं. लढाई पुढे होईल तेव्हा होईल. कवी आधी थांबतो आणि एकेक वस्तू अंगावर चढवू देतो. पोटऱ्यांवरची कवचं, घोट्यापाशी त्यांच्या चांदीच्या कड्या. मग छातीवरचं चिलखत, खांद्यावरून तलवार, बैलाच्या कातड्यांचे थरावर थर दिलेली ढाल. मग घोड्याच्या केसांचा तुरा वरून डुलणारं शिरस्त्राण, आणि शेवटी हातात भाला. दर वेळी जवळपास त्याच शब्दांत. पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो. दहाव्यांदा वाचताना अंगावर काटा येतो.

शीतल माझी विद्यार्थिनी. पाटोदा तालुक्यातल्या एका वाडीवरून पुण्याला शिकायला आली होती, आता अंबाजोगाईत एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या अनुवादातला एक प्रसंग तिनं स्नेहसंमेलनासाठी वीस मिनिटांचा केला होता: एक योद्धा रुसून तंबूत बसलाय, आणि त्याचा जिवलग मित्र त्याचंच चिलखत मागून घेऊन लढाईला निघतो. टोप मी तांबट आळीतून करवून घेतला होता. पण शीतलच्या डोक्यात वेगळंच होतं. बाकीचं चिलखत तिला ऊसतोडीच्या बायका फडात घालतात त्या कपड्यांचं हवं होतं. तिच्या आईनं पंचवीस वर्षं ऊस तोडला. आईला हे कळलं, आणि आईनं बोलणं टाकलं.

"मॅडम, आठ दिवस झाले, माय फोन उचलत नाही," शीतल मला म्हणाली होती. "नोकरी लागल्यापासून एकदाही ती माझ्या कॉलेजात आलेली नाही. या निमित्तानं येईल वाटलं होतं, तर उलटंच झालं. तुम्ही वाटेत वाडीवर उतरा. तिला घेऊन या. आणि जमलं तर तिचे ते जुने कपडे पण."

मी हो म्हटलं. नको त्या कामाला हो म्हणायची माझी जुनी खोड आहे.

जामखेड मागे पडलं आणि रस्ता बालाघाटाच्या माळावर चढला. पुसट पिवळे डोंगर, त्यांच्या माथ्यावर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या, मधेच काळ्या रानाचा तुकडा आणि त्यात कणसाला आलेली ज्वारी. पाटोद्याला उतरले. बाजारचा दिवस होता, टोपाकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. वाडीवर जाणाऱ्या जीपमध्ये मला दोन कोंबड्यांच्या आणि एका खताच्या पोत्याच्या मधे जागा मिळाली.

वाडीत शिरताच कुलपं दिसली. दहा घरांपैकी सहांना. माणसं ऊसतोडीला गेलेली, ती आता उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणार. ओट्यांवर म्हातारी माणसं तेवढी होती. शीतलचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. कौसाबाई, म्हणजे शीतलच्या आई, पडवीत ज्वारी पाखडत होत्या. काटक बाई, उभ्या राहिल्या तर माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं नाही.

"या बाई. कावून आलाव ते ठावं हाय मला. शितलनं धाडलंय."

"हो. नाटक परवा सकाळी आहे. तुम्ही यावं असं तिला फार वाटतंय."

"वाटंल की." सूप हलत राहिलं.

इथं शहाण्या माणसानं चहा मागितला असता, पावसापाण्याचं बोललं असतं. मी मात्र आले तशी मुद्द्यावर गेले. त्यांचा फडातला शर्ट, हातांवर चढवायचे कापलेले पायमोजे, पिंढऱ्यांना गुंडाळायच्या चिंध्या, डोक्याचं फडकं, हे सगळं दोन दिवसांसाठी मिळेल का, असं मी त्यांना विचारलं. वर आणखी म्हणाले की रंगमंचावर ते फार उठून दिसेल.

सूप थांबलं.

"उठून दिसंल," त्या म्हणाल्या. "पंचवीस साल दिसलंच की उठून. कारखान्यावर बाजाराला गेलं तर दुकानदार सामान लांबून टाकायचा. आता कालिजात नाचवा." मग आवाज न चढवता: "ते कापडं न्हाईत, बाई. शितलची नोकरीची आर्डर आली त्या दिशी समदे चुलीत घातले. न्हायाला पाणी तापीवलं त्याच्यावर. लई कढत झालतं पाणी."

मला माझीच लाज वाटली.

"आन आसते तरी दिले नसते. ज्याचं त्यानं घालावं. दुसऱ्याच्या अंगचं घालून फडात गेलं की लागतंय."

माझ्या मांडीवरच्या पिशवीत त्याच गोष्टीचा अनुवाद होता. दुसऱ्याचं चिलखत घालून गेलेल्या माणसाची गोष्ट. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

राग एकीकडे आणि पाहुणचार एकीकडे, ही या भागातली रीत मला फार आवडली. तासाभरानं कौसाबाईंनी मला शेजारच्या रानात हुरडा खायला नेलं. खड्ड्यात गोवऱ्यांचा आर पेटवला होता. कोवळी कणसं त्यात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मी चोळलेल्या कणसातून निम्मे दाणे मातीत गेले, तेव्हा त्यांनी न बोलता माझ्या हातातून कणसं काढून घेतली आणि स्वतः चोळून द्यायला लागल्या. संध्याकाळच्या भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या धान्यांच्या मसालेदार पिठाची आमटी) होती. तिच्या तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी वाढून मागितली.

जेवणाआधी, दिवस मावळायच्या आत, त्यांची नजर टोपावर गेली. त्यांनी तो उचलला. बाजारात घागर घेताना वाजवतात तसा बोटाच्या पेरानं वाजवला. मग उलटा करून आत हात घातला.

"हे असंच घालायचं? उघड्या टाळूवर?"

"हो."

"ह्यात चुंबळ कुठंय?" (चुंबळ म्हणजे डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवायची कापडाची गोल वळी.) "वरून दणका बसला तर पितळ ऱ्हाईल साबूत, कवटी फुटंल."

मी त्यांना सांगितलं की त्या काव्यात एका शिरस्त्राणाचं बारीक वर्णन आहे. बाहेरून रानडुकराच्या सुळ्यांच्या ओळी, एक इकडून, एक तिकडून. आत घट्ट ताणलेल्या चामड्याच्या पट्ट्या. आणि मधोमध लोकरीच्या जाड नमद्याचा थर.

"मंग त्यांला कळत हुतं," कौसाबाई म्हणाल्या. "तुमच्या तांबटाला न्हाई."

हजारो वर्षांपूर्वीच्या कवीला मिळालेली ही पावती मी मनातल्या मनात जपून ठेवली. इतकी वर्षं तो तपशील मी केवळ सुंदर म्हणून वाचत होते. तो उपयोगाचा आहे हे मला कधी सुचलं नव्हतं.

सकाळी मी एकटीच निघायच्या तयारीत होते, तर कौसाबाई इरकली लुगडं नेसून दारात उभ्या. काखेत एक जुनं सुती पातळ.

"नाटक बघाया न्हाई येत," त्यांनी बजावलं. "त्या भांड्याला चुंबळ लागंल म्हून येते."

मांजरसुंब्याहून अंबाजोगाईच्या गाडीत बसलो. केजच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली आणि तासभर लिंबाखाली बसायला मिळालं. रस्त्यावरून माजलगावच्या बाजूला जाणारा उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या, वर मोळ्या आणि मोळ्यांवर बसलेल्या चार बायका, डोकी फडक्यांत गच्च बांधलेली, फक्त डोळे उघडे. मी वळून बघत राहिले. नाकापर्यंत झाकलेला चेहरा आणि त्यातून रोखलेले दोन डोळे: ग्रीक शिरस्त्राण घातलेला माणूस असाच दिसत असणार.

"उसाचं पान बघितलंव कधी?" पातळाची वळी वळता वळता कौसाबाईंनी विचारलं. "दोनी अंगानं करवत. आन पाचटाची कुसळं. उघडं ठिवलं ते समदं फाटतंय. डोळे झाकता येत न्हाईत, म्हून डोळेच लई जपायचे."

अंबाजोगाई चढउताराचं गाव. दवाखान्यांच्या बाहेर पेशंटांच्या नातेवाइकांची गर्दी, रसवंत्या, पुस्तकांची दुकानं, आणि बोळाबोळात शिकवण्या. महाविद्यालयाच्या फाटकापाशी शीतल उभी होती. आईला बघून तिचा चेहरा इतका उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"आलीस, माय?"

"भांड्याला चुंबळ द्यायला आले," कौसाबाई म्हणाल्या आणि तिच्याकडे न बघता पुढं चालू लागल्या.

तालीम सभागृहात होती. लढाईला निघणाऱ्या मित्राचं काम आम्रपाली करत होती. कबड्डी खेळणारी उंच, रुंद खांद्यांची मुलगी. मुलं तालमीला वेळेवर येत नाहीत म्हणून शीतलनं सगळेच योद्धे मुलींना दिले होते. आईनं बोलणं टाकल्यावर चिलखत पुठ्ठ्याचं आणि सोनेरी कागदाचं केलं होतं. ढोल वाजला. आम्रपालीनं आधी टोप डोक्यावर चढवला, हनवटीखाली पट्टा आवळला, मग छातीवर पुठ्ठा बांधला आणि पायांना कवचं बांधायला वाकली. वाकता येईना. पुठ्ठा पोटात रुतला, टोप घसरून नाकावर आला, आणि आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी ती हातांनी पाय शोधू लागली.

मागच्या रांगेतून खळखळून हसू आलं. कौसाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आठ दिवसांचा राग त्या हसण्यात पार वाहून चालला होता.

"आगं, टोपडं घालून वाकतीय व्हय! आदी पाय बांध की. पाय, मंग अंग, मंग हात, मंग डोकं. कोयता समद्यात शेवटी. डोकं बांधल्यावर कोण वाकंल?"

शीतल माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे. मुळात तसाच क्रम आहे. आधी पोटऱ्या, शेवटी शिरस्त्राण, मग भाला. अनुवादात तो मीच बदलला होता. टोपानं सुरुवात केली की ओळ भारदस्त वाटते म्हणून. कवीनं दर वेळी तेच तेच का सांगितलं, याच्यावर मी एक निबंधसुद्धा लिहिला होता. त्यात लय होती, परंपरा होती, वाकणं नव्हतं. भर सभागृहात मी कबूल केलं, "चूक माझी आहे. मूळ काव्यात मावशी म्हणतात तसंच आहे."

"मंग त्यांचंच ठिवायचं," कौसाबाई सहज म्हणाल्या. तोवर त्या रंगमंचावर चढल्या होत्या. अर्धवट केलेलं काम बघून ज्यांचे हात गप्प बसत नाहीत, अशातली ही बाई. त्यांनी आम्रपालीचा पुठ्ठा सोडून बाजूला टाकला. "तुझ्या घरचे जुने कापडं हायत का? बापाचा शर्ट? जा, घिऊन ये. तुझं तूच घाल." आम्रपालीचं घर जवळच. ती वडिलांचा जुना खाकी शर्ट, स्वतःचे खेळाचे मोजे आणि आईची ओढणी घेऊन धावत आली. कौसाबाईंनी पातळाच्या पट्ट्या फाडल्या, तिच्या पिंढऱ्यांना खालून वर गुंडाळल्या, मोज्यांचे पंजे कात्रीनं उडवून ते मनगटापासून कोपरापर्यंत चढवले. टोपात चुंबळ बसवली. मग हनवटीखालच्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे इथं न्हाई. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढताना फडकं कुठं अडकलं, तर हा फास हुतोय. गाठ मागं पायजे."

मला राहवलं नाही. त्या काव्यात असंच घडतं, मी म्हणाले. एक योद्धा दुसऱ्याच्या टोपाचा तुरा धरून त्याला फरफटत नेतो, हनवटीखालच्या बैलाच्या चामड्याच्या पट्ट्यानं त्या माणसाचा गळा आवळत जातो. पट्टा तुटला म्हणून तो वाचतो.

"बगा," त्या म्हणाल्या. "ज्यानं लिवलं त्यानं बघितलेलं हाय." त्यांनी पट्टा मागं वळवला आणि गाठ मारली. मग हात तसाच ठेवून थबकल्या. "आन तेची गाठ कोण बांधायचं?"

"कुणाची?"

"त्या तुमच्या गड्याची. डोक्यामागं सोताला गाठ बसत न्हाई. ढिली ऱ्हाती. कोण बांधायचं त्याला?"

मी आठवून पाहिलं. ओळ न् ओळ पाठ होती. तो चढवतो, तो बांधतो, तो उचलतो. दुसरं कुणी त्यात नाहीच. "काव्यात सांगितलेलं नाही," मी म्हणाले.

"फडात जोडी आसती. नवरा-बायकुचा मिळून एक कोयता. ह्याचा बाप," त्यांनी हनुवटीनं शीतलकडे दाखवलं, "माझी बांधायचा. आन तेची मी. तो गेल्यावर दोन साल दिराच्या जोडीत गेलते. दिराला कसं म्हणायचं गाठ बांध म्हून? माझी मीच बांधायची." त्यांनी पदर सारून कानामागं दाखवलं. केसांखालून मानेपर्यंत पांढरट रेघा होत्या, एकाखाली एक.

शीतल त्या दोन वर्षांत पुण्याला वसतिगृहात होती. ती पायऱ्या चढून वर गेली. आईच्या मानेकडे बघत म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? ये, गाठ बघ कशी बसती ती. तुझ्या ह्या पोरीला कुणी तरी बांधाया पायजे का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सभागृह गच्च भरलं होतं. तंबूत रुसून बसलेल्या योद्ध्याचं काम आयत्या वेळी शीतलनं स्वतःकडे घेतलं होतं. आम्रपालीनं आधी पाय बांधले. पहिल्या पट्टीला मागच्या बाकांवर कुजबुज झाली. ती पोरं हे बांधणं ओळखत होती. शर्ट चढला, हात चढले, तेव्हा कुजबुज थांबली. टोप चढला. शीतल उठली, तिच्या मागं गेली आणि गाठ बांधली. किती वेळ लागला असेल? दहा-बारा सेकंद. शिट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या सभागृहात एकही शिट्टी वाजली नाही. मग आम्रपालीनं भाला उचलला, ती निघाली आणि पडदा पडला. वीस मिनिटांत तेवढंच बसत होतं.

माझे डोळे वाहत होते. शेजारी कौसाबाई पुढं झुकून बसल्या होत्या.

"ढिली बांधली," त्या म्हणाल्या. मग टाळ्या संपत आल्यावर: "शिकंल."

त्या दोन दिवस लेकीकडे राहिल्या. मी त्याच दुपारी परतीची गाडी धरली. टोप महाविद्यालयातच ठेवला, त्यामुळे प्रवासात कुणी माझ्याकडे बघितलं नाही आणि मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. इतकी वर्षं मी ज्या कवीवर जीव टाकला, त्याच्यावर तो अधिकच जडला होता. त्यानं बघितलेलं होतं. ते ओळखायला मात्र मला माणूस भेटावा लागला आणि तो कुठल्या विद्यापीठात भेटला नाही.

घरी येऊन पहिल्यांदा क्रम मुळासारखा केला. सतरा ठिकाणी. मग त्या मित्राच्या सज्ज होण्यापाशी आले आणि अडले. अनुवादकानं पदरचा माणूस आत घालू नये हे मी जन्मभर शिकवलं. पण पानाखाली टीप द्यायला कुणाची ना नाही. लिहिलं: 'शिरस्त्राणाची मागची गाठ कोणी बांधली, हे कवीने सांगितलेले नाही.'

ही टीप वाचून दाखवायला मी कौसाबाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं.

"चांगलं लिवलंव. पर बाई, एक सांगा. नाटकात तो निघाला तिथंच पडदा टाकला तुमी. म्होरं काय झालं? गाठ ऱ्हायली ना तेची?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणाले. "भर लढाईत टोप उडाला त्याचा. धुळीत गडगडत गेला. मग तो वाचला नाही."



"मंग बांधणारा जवळ नसंल," कौसाबाई म्हणाल्या.